उत्तर आलं नाही म्हणजे हो

लाँड्रीत सगळे त्याला पोचपावती म्हणत. तोंडावर नव्हे, तोंडावर 'साहेब'. पण काउंटरवरच्या मुलीचा आवाज असा, की तिने कुजबुजलेलं समोरच्या फुटपाथला ऐकू जाई. त्यामुळे ते नाव त्याच्या कानावर आलं होतं आणि मनातल्या मनात त्याला ते आवडतही होतं. ज्याच्या हातून काही म्हणजे काही हरवत नाही असा माणूस, असा त्याने त्याचा अर्थ लावून घेतला होता. स्वतःबद्दलच्या गोष्टींचे अर्थ तो नेहमी स्वतःच लावी. दुसऱ्याला विचारण्यात वेळ जातो.

खोड जुनी होती. लहानपणी आईने शेजारी निरोप घेऊन धाडलं, की हा निरोप सांगून परत येत नसे. दारातच ठाण मांडी. "काय सांगितलं मी? म्हणून दाखवा." शेजारीण बिचारी कणकेच्या हातांनी म्हणून दाखवी, चुकली तर पुन्हा. "आमचं पोर निरोप देत नाही, वसूल करतं," असं आई म्हणे, आणि त्यात कौतुक किती नि कंटाळा किती हे तिचं तिला ठाऊक. लग्न झाल्यावर हीच परीक्षा बायकोच्या वाट्याला आली. "संध्याकाळी नळवाला येणार आहे. ऐकलंस? काय ऐकलंस?" तिने सुरुवातीची वर्षं इमानेइतबारे म्हणून दाखवलं. पुढे तिने बोलणंच कमी केलं. तिचं कमी बोलणं त्याच्या ध्यानात यायला बराच काळ गेला, आणि आलं तेव्हा त्याला वाटलं, चला, सुधारली.

लाँड्री मोठी होती. बाजाराच्या रस्त्यावर दुकान: खाली काउंटर, त्यामागे धुतलेल्या कपड्यांच्या रांगा टांगलेलं लांबलचक दालन, वर कचेरी. नदीपलीकडे कारखाना: तिथे धुलाईची यंत्रं, वाफ आणि इस्त्रीची टेबलं. मालकांनी कागदाच्या पावत्या बंद करून टाकल्या होत्या. दुकानावर ठळक पाटी होती, 'नुसतं नाव सांगा, कपडे घेऊन जा.' कपड्याला एक चिकटपट्टी, तिच्यावर नुसता आकडा. तो आकडा कोणाचा आणि कपडा कुठल्या रांगेत टांगलाय, हे फक्त संगणकाला ठाऊक. आणि संगणक पोचपावतीच्या ताब्यात.

मुख्य सर्व्हर दुकानाच्या वरच्या मजल्यावर होता. त्याची दुसरी प्रत नदीपलीकडे, कारखान्यातल्या इस्त्रीखात्याच्या कोपऱ्यात, कारण कारखान्यात तेवढी एकच खोली कोरडी. दुकानातल्या यंत्राला काही झालं तर पलीकडच्याने कारभार हाती घ्यायचा, अशी योजना. जुन्या पद्धतीने आठवड्याला एक प्रत काढून कपाटात ठेवायची सोय होती, ती पोचपावतीने मोडीत काढली. "दोन जिवंत प्रती असताना मेलेली कशाला सांभाळायची?" तो म्हणे.

आता या दुसऱ्या प्रतीकडे नोंद पोचवायच्या, म्हणजे त्याच्या भाषेत रेप्लिकेशनच्या, रीती दोन. एक सिंक्रोनस. मुलीने कोट घेतला, बटण दाबलं, की नोंद आधी नदीपलीकडे जाणार, तिकडचं यंत्र लिहून घेणार, 'लिहिलं' असं उलट कळवणार, आणि मगच मुलीच्या पडद्यावर 'झालं' उमटणार. तोवर मुलगी, गिऱ्हाईक आणि कोट तिघंही ताटकळत. दुसरी असिंक्रोनस. मुलीला 'झालं' लगेच, नोंद मागाहून सवडीने पलीकडे. पण ती वाटेत असतानाच दुकानातलं यंत्र आटोपलं, तर नोंद गेली. कोट आहे, कोणाचा ते देव जाणे. एकीत खोळंबा, दुसरीत जिवाला घोर.

पोचपावती पहिलीचा कडवा भक्त. "दोन्हीकडे लिहिल्याशिवाय 'झालं' म्हणायचं नाही," हे वाक्य तो दिवसातून इतक्यांदा म्हणे, की काउंटरवरची मुलगी ते त्याच्या आधी म्हणून मोकळी होई. पण नदीपलीकडची लाइन म्हणजे सासुरवाशिणीची पावलं, कधी कशी पडतील सांगता येत नाही. ती रेंगाळली की पडद्यावर चाक गरगर फिरे आणि रांग दारातून बाहेर जाई.

"साहेब, हे आजोबा आले तेव्हा त्यांचे केस काळे होते," मुलगी वर ओरडून सांगे.

शेवटी एक दिवस मालक जिना चढून वर आले. मालक जिना चढले म्हणजे गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नसते.

"रांग पानवाल्यापर्यंत गेलीय. लोक समोरच्या दुकानात जायला लागलेत. त्याच्याकडे काय आहे? वही आणि पेन्सिल."

"मालक, वेग हवा की खात्री हवी, एक काय ते ठरवा. शास्त्रच तसं आहे."

"मला दोन्ही हवं."

"दोन्ही नाही मिळत."

"मग मिळवून देणारा बघू का कोणी?" मालक शांतपणे म्हणाले. त्यांची नजर जिन्याशेजारच्या रिकाम्या खोलीकडे गेली. त्या खोलीच्या दाराला वरपासून खालपर्यंत काच होती. पोचपावती गेली कित्येक वर्षं त्या काचेवरून जाताना चालणं हळू करी. काचेवर आपलं पद लिहिलंय, 'तंत्रप्रमुख', आत आपण खुर्ची फिरवतोय आणि बाहेरून मुलगी टकटक करतेय, असं चित्र त्याने मनात इतकं घोटलं होतं, की खुर्चीचा रंगही ठरला होता. "हे जमवा," मालक म्हणाले, "मग त्या काचेवर काय लिहायचं ते बोलू."

काचेपुढे भल्याभल्यांची तत्त्वं वितळतात. पोचपावतीची तर मेणाचीच होती.

यंत्रात एक मधली वाटही होती. पलीकडच्या उत्तराची वाट बघायची, पण ठरावीक वेळच. तेवढ्यात उत्तर आलं नाही, तर आलं असं समजून पुढे जायचं. आणि पलीकडचा पुन्हा हाक देईपर्यंत त्याच्यासाठी थांबायचंच नाही. पोचपावतीने ती वेळ ठेवली मनात एक, दोन, तीन म्हणेपर्यंतची. मालकांना तो म्हणाला, "खात्री तीच, वेग दुप्पट." त्यातला 'पण' त्याने गिळला. तसा तो उच्चारला होता, अगदीच नाही असं नाही. मालक त्यावेळी फोनवर साबणवाल्याशी हुज्जत घालत होते.

उत्तर आलं नाही की यंत्र इशारा पाठवी: 'पलीकडून उत्तर नाही, एकट्याने चाललंय.' पहिल्या काही दिवसांत हे इशारे इतके आले, की पोचपावतीने वैतागून ते बंद करून टाकले. ज्याला सगळ्या जगाकडून पोच हवी, त्याला त्याच्याकडे आलेलं वाचायला फुरसत नव्हती.

उन्हाळा लागला. इस्त्रीखात्यात माणूस भाजून निघावा अशी गरमी. तिथल्या मावशींनी दुकानात फोन केला. मावशी म्हणजे इस्त्रीखात्याच्या प्रमुख, आवाज खणखणीत, पण बोलणं मुद्द्याचं.

"साहेब, कोपऱ्यातल्या तुमच्या डब्याची पिन काढून मी तिथे पंखा लावलाय. दोघी बायका चक्कर येऊन पडल्या. इथे दुसरा बोर्ड नाही. चालेल ना?"

पोचपावतीच्या दुसऱ्या कानाला दुसरा फोन होता. त्यावर तो कोणा ओळखीच्याला सिंक्रोनस पद्धतीचं महत्त्व समजावून सांगत होता. "पोचलं मावशी, पोचलं," तो म्हणाला आणि मावशींचा फोन ठेवला.

त्या दिवसापासून काउंटर वाऱ्यासारखं पळायला लागलं. गरगर फिरणारं चाक दिसेनासंच झालं. मालक खूश. "बोट उचलायच्या आत 'झालं' येतं," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. आणि खरंच होतं ते. पलीकडे कोणीच नसलं, की बोलणं फार भराभर उरकतं.

घरी तरी काय वेगळं होतं? तिथेही त्याने तीच सोय लावली होती. प्रश्न विचारायचा, मनात तीन म्हणायचं, बायको काही बोलली नाही की "ठरलं तर" म्हणून चपला घालायच्या. पडद्याचा रंग तसाच ठरला, सुट्टीत कोणाकडे जायचं तेही. "आमच्याकडे वादच होत नाहीत," तो अभिमानाने सांगे. बायको त्यावेळी तिथेच असे आणि अळीमिळी गुपचिळी. तिचं सगळं बोलणं आता मागच्या छोट्या खोलीत होई. तिथे कोपऱ्यात तिचा देव होता, एक दिवा, एक घडी घातलेली चटई. पहाटे आणि दिवेलागणीला ती तिथे बसून जे काय सांगायचं ते देवाला सांगे आणि उठून कामाला लागे. देवाने ऐकलं की नाही, हे तिने कधी म्हणून दाखवायला लावलं नाही. श्रद्धा असली की माणसाला असिंक्रोनस जमतं. नसली की दारात उभं राहून वसुली करावी लागते.

मालकांनी काचेच्या खोलीचा विषय पुन्हा काढला, तेव्हा पोचपावतीला हुरूप आला. आपण किती खबरदार आहोत हे दाखवायला त्याने एक जुना संगणक घरी आणला. तिसरी प्रत. दुकानातून नोंदी मागाहून आपोआप तिथे येतील.

"अगं, हा मागच्या खोलीत ठेवतो. तुझा दिवा असतो त्या कोपऱ्यात. बोर्ड तिथेच आहे. देव काय, स्वयंपाकघरातल्या फळीवरही राहतील. चालेल ना?"

ती भाजी चिरत होती. सुरी क्षणभर थांबली, मग पुन्हा चालू झाली.

तीन म्हणून झालं. "ठरलं तर," तो म्हणाला, यंत्र मांडून पिन खोचली आणि दुसऱ्या दिवशी मालकांना सांगितलं, "आता तर प्रती तीन. जग बुडालं तरी आपल्याकडे शर्टाचं बटण हरवायचं नाही."

काचेवर पद लिहिणारा रंगारी सांगून ठेवला गेला. त्या दिवशी घालायला म्हणून पोचपावतीने आपला करडा कोट धुवायला टाकला, आपल्याच काउंटरवर. मुलीने बटण दाबलं, 'झालं' लगेच उमटलं. "बघ," तो तिला म्हणाला. "बघितलं," ती म्हणाली.

कोट धुऊन दालनात टांगला गेला, आणि रंगारी यायच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, वरच्या मजल्यावर जळकट वास सुटला. मुख्य सर्व्हर एकदा घुरघुरला आणि गेला. खाली पडदा काळा. रांगेतले लोक एकमेकांकडे बघू लागले.

पोचपावती मात्र प्रसन्न. याच क्षणासाठी तर त्याचा जन्म होता. मालक जिना चढून येईतो त्याने कॉलर सारखी करून घेतली. "काळजी नको मालक. पलीकडचं यंत्र आता कारभार घेईल," असं म्हणून त्याने मावशींना फोन लावला.

"मावशी, कोपऱ्यातल्या डब्यावर कुठला दिवा लागलाय?"

"त्याच्यावर? टॉवेल वाळत घातलेत."

"टॉवेल काढून सांगा, दिवा कुठला?"

"दिवा कसला लागतोय, बोर्डात पंख्याची पिन आहे. तुम्हाला विचारून तर लावला. तुम्ही 'पोचलं' म्हणालात."

रिक्षा करून तो नदीपलीकडे गेला. पंखा काढून पिन लावली. यंत्र जागं झालं आणि भोळेपणाने त्याने आपल्याकडची शेवटची नोंद दाखवली. ती उन्हाळ्याच्या तोंडाची होती. त्यातले कपडे केव्हाच घरोघरी गेले होते, घातले गेले होते आणि एव्हाना पुन्हा मळलेही असतील.

पाचावर धारण बसणं म्हणजे काय, ते त्याला त्या वाफेत कळलं. पण तिसरी प्रत होती. त्याच रिक्षाने तो घरी आला, चपला न काढता मागच्या खोलीत गेला. यंत्र होतं. त्याच्यावर स्वच्छ पांढरं कापड अंथरलं होतं, कापडावर देव, देवापुढे दिवा, बाजूला फुलांची परडी. पिन गुंडाळून, दोऱ्याने नीट बांधून मागे ठेवलेली.

बायको दारात आली.

"हे बंद कधी केलंस?"

"आणलंत त्याच दिवशी."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत, तेव्हा मी गप्प होते."

"अगं, पण गप्प म्हणजे…"

"गप्प म्हणजे गप्प," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तुम्ही 'ठरलं' म्हणालात. मला वाटलं, तुमचं तुमच्याशी काही ठरलं असेल. माझ्याशी काय संबंध? आणि पाय धुऊन तरी यायचं होतं."

त्याने चपला काढून हातात घेतल्या.

पुढचे दिवस दुकानात जे चाललं त्याला कामकाज म्हणवत नाही. दालनभर कपडे आणि नुसते आकडे. आकडा कोणाचा, ते कोणालाच माहीत नाही. मालकांनी दालन उघडलं आणि ज्याचं त्याने ओळखून न्यावं, असं ठरलं. वरची पाटी तशीच होती. लोक नाव सांगत, मुलगी म्हणे, "नाव छान आहे. आत जा आणि शोधा."

मग उघडकीला आलं, की बहुतेक पुरुषांना स्वतःचे कपडे ओळखता येत नाहीत. वर्षानुवर्षं अंगावर घातलेला शर्ट समोर टांगलेला, आणि हे त्याच्याकडे परक्यासारखं बघतात.

"पँट कुठल्या रंगाची होती?" मुलगी विचारी.

"गडद."

"कमरेचं माप?"

"थांबा, घरी विचारून सांगतो."

दोन सभ्य गृहस्थ एकाच काळ्या जाकिटाचा एकेक हात धरून उभे होते, इतक्या आदबीने, की जाकिटाचंच लग्न लावताहेत असं वाटावं. अखेर घरोघरच्या बायकांना बोलावणी गेली. त्या आल्या आणि रांगेतून चालता चालता हात घालून कपडे काढत गेल्या. हा यांचा, याचं बटण मी लावलंय. हा मेव्हण्यांचा. हे आमचं नव्हे, आमच्याकडे असलं निळं मी येऊ देणार नाही.

पोचपावतीची बायकोही येऊन गेली. तो वर डोकं धरून बसला होता, त्यामुळे त्याला दिसली नाही. करड्या कोटांची रांगच होती. तिने तिसऱ्या कोटाची बाही उलटून बघितली, आत तिने घातलेला निळ्या दोऱ्याचा टाका होता, आणि कोट घडी करून पिशवीत घातला. रात्री वाढताना ती म्हणाली, "तुमचा कोट आणलाय. कपाटात आहे."

"हं, पोचलं," तो भिंतीकडे बघत म्हणाला.

मालकांनी त्याला समोर बसवलं ते सगळं ओसरल्यावर.

"तुम्ही म्हणाला होतात, दोन्हीकडे लिहिल्याशिवाय 'झालं' नाही."

"हो मालक. पण पलीकडून उत्तर आलं नाही, तर…"

"तर काय?"

"तर हो समजायचं."

"हे मला कधी सांगितलंत?"

"सांगितलं होतं. तुम्ही साबणवाल्याशी बोलत होतात. काही म्हणाला नाहीत."

मालक गप्प झाले. पोचपावतीने सवयीने मनात तीन म्हटलं, आणि आपल्याला माफ केलं गेलं, असं समजून तो खुर्चीतून अर्धा उठलाही.

"बसा," मालक म्हणाले. "उद्यापासून तुम्ही कारखान्यात. इस्त्रीखात्यात, त्या यंत्राच्या शेजारी. इथे नोंद झाली की मुलगी तुम्हाला फोन करील. तुम्ही तिकडच्या पडद्यावर ती डोळ्यांनी बघायची आणि 'पोचलं' म्हणायचं. मग ती गिऱ्हाइकाला सोडील. वेग नको मला आता. खात्री द्या."

"मालक, मी म्हणजे… रेप्लिकेशन?"

"आता रेप्लिकेशन तुम्हीच," मालक म्हणाले.

पुढे ढकललेला रंगारी आला होताच, त्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? काचेवर त्याने सुबक अक्षरांत लिहिलं, 'बेवारस कपडे'. कोणी न नेलेलं सगळं त्या खोलीत टांगलं गेलं.

खाली उतरताना पोचपावतीचं चालणं सवयीने हळू झालं. काचेतून त्याला करडे कोट दिसले आणि आपला कोट आठवला. पहिल्याच दिवशी मावशींपुढे, त्या सगळ्या इस्त्रीवाल्या बायकांपुढे, जरा रुबाबात जावं. साहेबाचा कोट असला म्हणजे खुर्ची कुठेही असली तरी माणूस साहेबच राहतो, असं त्याला वाटलं. आत जाऊन त्याने एक करडा कोट हेरला, बाहेर आणला, मुलीसमोर धरला.

"हाच ना माझा?"

"साहेब, मी कोटांकडे बघतच नाही. आकडा बघते," मुलगी म्हणाली. "पण तुम्ही नेताय ना, मग झालं."

सकाळी घरी त्याने तो अंगात घातला. खांद्यावर जरा उतरला आणि बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत आल्या. त्याला वाटलं, या दगदगीत आपण वाळलो. मागच्या खोलीच्या दारात तो उभा राहिला. बायको चटईवर बसली होती, दिवा लावलेला, डोळे मिटलेले.

"अगं, बरा दिसतो ना? माझाच आहे ना हा?"

तिचे ओठ हलत होते, पण ते त्याच्यासाठी नव्हते.

त्याने मनात तीन म्हटलं.

"ठरलं तर," तो म्हणाला आणि दुसऱ्याच कोणाचा तरी कोट घालून जिना उतरला.

तिने देवाशी बोलणं पुरं केलं. मग उठून कपाट उघडलं, त्याच्या कोटावरची धूळ हलक्या हाताने झटकली आणि कपाट पुन्हा लावून घेतलं.